दिवस भरेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात एक्केचाळीस वर्षे काम करून निवृत्त, राहणार धुलाईखान्याच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या तीन खोल्यांच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. गोळ्यांनी दुपारी गुंगी येते आणि मी नेमकी दुपारीच लिहायला बसते, कारण सकाळी घरात बायकांची वर्दळ असते. तेव्हा मजकुरात कुठे धुके दिसले तर ते गोळ्यांचे समजावे. निर्णय माझे आहेत. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. पुतण्याने गोड बोलून पाहिले, पण ते धाकात मोडत नाही असे वकीलबाई म्हणतात.

वकीलबाईंनी मला चार मृत्युपत्रे नमुन्यादाखल आणून दिली होती. वाचली. माणूस मेला एवढे त्यांतून कळत होते. जगला कसा, त्याचा पत्ता नव्हता. मी म्हटले, "मी माझ्या पद्धतीनं लिहीन. कायद्यात बसेल तेवढं तुम्ही धरा."

"लिहा आजी," त्या म्हणाल्या. "जास्तीच्या मजकुरानं काही बिघडत नाही. कमी लिहिलं की भांडणं होतात."

हे माझे पहिलेच मृत्युपत्र आहे आणि बहुधा शेवटचे.

कलम १. किरकोळ चीजवस्तू

माझी कोळशाची जड इस्त्री रुग्णालयाच्या इस्त्रीवाल्याला द्यायची होती. तीस वर्षे आम्ही एकाच छपराखाली घाम गाळला. परंतु ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही असा कायदा आहे. मी त्याला विचारले, "इस्त्री हवी की सही करतोस?"

तो म्हणाला, "ताई, इस्त्र्या माझ्याकडे तीन आहेत. तुमच्या कागदावर सही करायचा योग पुन्हा कुठला!"

सबब, इस्त्री माझ्या दिराच्या मुलाला, म्हणजे पुतण्याला द्यावी. घर आपल्याला मिळाले नाही हे कळल्यावर त्याच्या कपाळावर ज्या आठ्या पडतील त्यांना ती उपयोगी पडेल.

बँकेत जे काही निघेल ते घराच्या डागडुजीला वापरावे. पावसाळ्याआधी गच्चीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात डांबर घालावे. भांडी, गाद्या, सहा खाटा आणि बाळांची लहान अंथरुणे घराबरोबर जातील.

कलम २. धुलाईची जुनी वही, आणि तिची हकीकत

मी एकोणीस वर्षांची असताना थोरल्या बहिणीला घेऊन डोंगरावरून खाली आले. आमची वस्ती डोंगराच्या खांद्यावर आहे. माझ्या गच्चीतून ती अजून दिसते. सकाळी खाली धुके साचले की डोंगराचा पाया नाहीसा होतो आणि वस्ती नुसती हवेत तरंगत राहते, दोरी सुटलेल्या होडीसारखी. तिथून इथवर पायवाटेने सात तास.

ताईला आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. मूल अडले होते. उजाडताच भावजींनी आणि तिघा शेजाऱ्यांनी खाटेला दांडे बांधले आणि तिला उचलून उतरायला सुरुवात केली. मी शेजारून तिचा हात धरून चालत होते. कळ ओसरली की ती डोळे उघडून वर बघायची. एकदा म्हणाली, "धाकटे, आकाश बघ कसं चाललंय. मी पडून आहे आणि तेच बिचारं चालतंय." आम्ही दोघी हसलो. खाट धरणारे वैतागले.

दुपार कलता कलता रुग्णालयाच्या खिडकीपाशी पोहोचलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारले, "नाव घातलंय का?"

मी ताईचे नाव सांगितले.

"नाव काय ते नाही विचारलं. तिसऱ्या महिन्यात येऊन नाव घातलं होतं का? कार्ड आहे?"

तिसऱ्या महिन्यात पोटात काही आहे हे वस्तीवर कोणी बोलतसुद्धा नाही, आणि ते सांगायला सात तास उतरून, सात तास चढून कोण जाणार? मी म्हटले, नाही.

"खाटा भरल्यात. कार्डवाल्यांनाच पुरत नाहीत. व्हरांड्यात बसा, डॉक्टरीणबाई आल्या की बघतील."

आम्ही बसलो. फरशी गार होती. त्या व्हरांड्यातून धुलाईखान्याच्या बायका ओल्या चादरींच्या टोपल्या घेऊन ये-जा करत. त्यांची मुकादमीण दांडगी बाई होती. आवाज असा की बॉयलर गप्प बसावा. तिने ताईकडे एकदा पाहिले, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "पोरींनो, चादरी धरा."

चौघींनी चार बाजूंनी चादरी धरल्या. मुकादमीण आणि मी आत. बाहेरचे ऊन कापडातून गाळून आत येत होते, आवाज लांबचे वाटत होते. त्या पांढऱ्या उजेडात मूल जन्मले. मुलगी. मुकादमिणीने तिला पाठीवर थोपटून रडवले आणि कोरड्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिले.

पण मुलामागची वार पडली नाही. ताईच्या अंगावरून जायला लागले ते थांबेना. मुकादमीण डॉक्टरांना हाका मारत आत धावली. डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर होत्या.

ताईने डोळे उघडले. सगळीकडे पाहिले. "खोली मिळाली का गं आपल्याला?" म्हणाली. "किती पांढरी आहे."

मी म्हटले, "हो ताई, मिळाली."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा दिवे लागले होते. ताई त्याआधीच गेली होती.

भावजी त्याच आठवड्यात परत गेले आणि पुढे त्यांनी दुसरा संसार मांडला. त्यांच्यावर माझा राग नाही. मी मुलीला घेऊन इथेच राहिले. मुकादमिणीने मला हौदावर कामाला लावले. पहिल्या दिवशी त्या चार चादरी मीच धुतल्या.

चौदा वर्षांनी कोठीची सफाई करताना धुलाईच्या जुन्या वह्या सापडल्या. तोवर मला वाचता येऊ लागले होते. तो दिवस शोधून काढला. खालचा वॉर्ड: खाटा वीस, मळक्या चादरी बेचाळीस. वरचा मजला, म्हणजे पैसे भरून राहणाऱ्यांचा: खाटा बारा, मळक्या चादरी एक.

धुलाईवालीला याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो तेव्हा डोक्यावर अकरा खाटा अंथरून तयार होत्या, आणि त्यांवर कोणी पाठसुद्धा टेकली नव्हती. वर जायचा जिना एकवीस पायऱ्यांचा आहे.

ती वही मी घरी आणली. ही चोरी आहे, कबूल. ती आता रुग्णालयाच्या प्रमुखांना द्यावी. पानात खूण घातलेली आहे. त्यांनी ते पान बसून वाचावे. उत्तर पाठवू नये.

कलम ३. माझा देह

माझे यजमान याच रुग्णालयात बॉयलर सांभाळायचे. बोलायचे फार कमी. जे काही बोलायचे ते बॉयलरशी, आणि उरले तर माझ्याशी. पण दोघांनाही त्यांनी कधी थंड पडू दिले नाही. ताईच्या मुलीला त्यांनी लग्नाआधीच खांद्यावर घेतले होते.

मला सत्ताविसाव्या वर्षी दिवस गेले. मी आता रुग्णालयाची माणूस होते, नाव घातले होते, कार्ड होते, खालच्या वॉर्डात एका खाटेवर दोघींतली अर्धी जागा होती. मूल मेलेले जन्मले. मुलगा होता. मी गुंगीत होते. एक बाई कागद घेऊन आली आणि म्हणाली, आतली सफाई करायची आहे.

मी म्हटले, "द्या, सही करते."

तिने कार्डावर नजर टाकली. "डोंगरावरच्या ना तुम्ही? अंगठा द्या, लवकर होतं."

मी अंगठा दिला. पोटावरची शिवण सफाईचीच समजले, पुन्हा दिवस जायची तीन वर्षे वाट पाहिली, मग एका नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी तपासले आणि म्हणाल्या, "तुमच्या तर नळ्या बांधल्यात. तुम्हीच संमती दिली होती ना?"

वरच्या मजल्यावर हेच ऑपरेशन असले की नवराबायकोला खुर्च्या देत. डॉक्टर स्वतः समजावत, घरी जाऊन विचार करा म्हणत, आठ दिवसांनी पुन्हा विचारत. मला माहीत आहे, कारण त्या टेबलावरचे कापड मीच बदलायची. एक बाई तर दोनदा नाही म्हणाली आणि डॉक्टर म्हणाले, "काही हरकत नाही, तुमचा देह, तुमची मर्जी." ते वाक्य मी टोपलीबरोबर खाली घेऊन आले आणि पुष्कळ दिवस त्याचे काय करावे ते मला कळेना.

यजमानांना मी हे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॉयलर बंद केला. अख्ख्या रुग्णालयात, वर आणि खाली, गरम पाण्याचा थेंब नव्हता. साहेब धावत आले. यजमान म्हणाले, "वाफ धरत नाहीये." दुपारी दोनला त्यांनी तो पुन्हा पेटवला आणि घरी येऊन माझ्याजवळ भिंतीला टेकून बसले. तेवढेच. ते गेल्याला आता नऊ वर्षे झाली.

सबब, मी गेल्यावर माझा देह नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना द्यावा. पोटावरची जुनी शिवण त्यांना दाखवावी आणि त्यांच्या शिक्षिकेने स्पष्ट शब्दांत सांगावे की ही विचारल्याशिवाय घातलेली आहे.

ज्या डॉक्टरांनी ती घातली ते आज हयात नाहीत. लोक म्हणतात, आता माफ करून टाका. माझ्या मालमत्तेची यादी मी दोनदा तपासली. माफी तीत सापडली नाही, म्हणून कोणाला देता येत नाही.

कलम ४. माझी भाची

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, वय वर्षे बावन्न. कापडात गुंडाळून घरी आणली म्हणून तिला घरात बोचकी म्हणत. तिला ते आवडत नाही. कायद्याच्या कागदावर पुन्हा लिहिणार नाही.

तिचे बालपण धुलाईखान्याच्या गच्चीवर गेले. वाऱ्याच्या दिवशी तिथे साठ चादरी वाळत असत. आत शिरले की रस्ता सापडत नसे. पांढऱ्या गल्ल्या उघडायच्या, मिटायच्या. ती त्यांत लपायची. चादरींच्या काठाखालून तिची पावले तेवढी दिसायची आणि मी दिसत नसल्याचे सोंग करायची. अजूनही दुपारच्या गुंगीत मी त्या गच्चीवर जाते. काठाखालून पावले दिसतात, एक लहान जोड आणि तिच्याबरोबर एक मोठी. मोठ्या पावलांना डोंगरवाटेची धूळ असते. कोणालाच घाई नसते. मी हाक मारत नाही, कारण हाक मारली की जाग येते.

तिला मी सांगितले होते की तुझी आई तापाने गेली. ज्या इमारतीतून आपला पगार येतो, जिच्या भोंग्यावर आपण उठतो, तिच्याच व्हरांड्यात आई गेली, हे पोरीला कसे सांगायचे? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ती मोठी झाली. माझ्या शेजारी पाटी घेऊन बसायची तेव्हा मीही तिच्याबरोबर अक्षरे गिरवली. ती शिकली, हुशार निघाली आणि रुग्णालयात नोकरीला लागली. नोंदणीच्या खिडकीत. त्याच.

कलम ५. घर

धुलाईखान्यामागचे तीन खोल्यांचे घर, गच्चीसह, माझे आणि यजमानांचे स्वकष्टार्जित आहे. त्यावर कोणाचा बोजा नाही.

तेवीस वर्षांपूर्वी सकाळी कामावर जाताना फाटकाबाहेर एक पोटुशी बाई बसलेली दिसली. आमच्याच डोंगरावरची. खिडकीतून तिला सांगितले होते, अजून दिवस भरले नाहीत, पंधरा दिवसांनी या. ती चपला काढून पाय चोळत होती. सात तास चढायचे, आणि पंधरा दिवसांनी कळा घेऊन तेच उतरायचे. मी तिला घरी आणले आणि मधल्या खोलीत अंथरूण घातले. ती दिवसभर झोपली. संध्याकाळी उठून तिने घाबरून विचारले, "मी कुठाय?"

यजमान म्हणाले, "दिवस भरेपर्यंत इथंच."

पुढे ती गोष्ट डोंगरावर गेली. मग एक आली, मग दोघी आल्या. नववा लागला की खाली उतरायचे आणि धुलाईवालीच्या घरी थांबायचे, असा पायंडाच पडला. किती आल्या ते मी मोजले नाही. मोजायचे काम नोकरीत भरपूर केले. या घरात आलेल्या बाईला आधी पाणी देतात, नाव नंतर विचारतात. दुपारी सगळ्या जणी मधल्या खोलीत आडव्या होतात, पोटे छताकडे करून, आणि घर संथ श्वास घेऊ लागते. अशा दुपारी मला वाटते, घरालाच नववा लागला आहे. सगळ्यांचे चांगले झाले असे नाही. दोघींना उशीर झाला, भिंतीपलीकडे रुग्णालय असून. त्या दोघी मला आठवतात.

आता मी केलेला अपराध लिहिते. हे वकीलबाईंनाही ठाऊक नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, मी चादरींची ढकलगाडी घेऊन खिडकीजवळून चालले होते. एक बाई कळा देत वाकून उभी होती. खिडकीत माझी भाची. ती म्हणत होती, "कार्ड नाही तर बाहेर बसा, मी डॉक्टरांना कळवते."

मी म्हटले, "तिला आत घे."

"मावशी, नियम मी केलेला नाही. कार्ड नसताना घेतलं तर माझी नोकरी जाईल."

माझ्या डोक्यात काय शिरले कोण जाणे. रांगेत तीस माणसे असतील. मी मोठ्याने म्हणाले, "तुझ्या आईलाही याच खिडकीतून बाहेर बसवलं होतं. तू या व्हरांड्यात जन्मलीस. ती ताप येऊन गेली नाही, ती तिथं, त्या खांबापाशी गेली."

चाळीस वर्षे जपून ठेवलेली गोष्ट मी दगडासारखी फेकली.

तिने खिडकी ओढून घेतली, बाजूच्या दाराने बाहेर आली, त्या बाईला खांद्याचा आधार दिला आणि कर्मचाऱ्यांच्या दाराने आत घेऊन गेली. ती बाई वाचली, मूलही वाचले. भाचीवर चौकशी बसली आणि लांबच्या एका लहान दवाखान्यात तिची बदली झाली. सामान न्यायला ती आली तेव्हा मी दारात उभी होते. ती म्हणाली, "सांगायचं होतं तर घरी सांगायचं होतंस, मावशी. मला जेवायला वाढून सांगायचं."

त्यानंतर ती आली नाही. यजमान गेले तेव्हा आली, पण माझ्याशी बोलली नाही.

कलम ६. घर कोणाला

पुतण्या गेल्या वर्षापासून खेपा घालतो आहे. "काकू, रुग्णालयाला लागून जागा म्हणजे सोनं आहे. औषधांचं दुकान काढू. तुमचा फोटो लावू मोठा." मी म्हटले, बाळा, हार घालायला तुला अजून थोडं थांबावं लागेल.

दोन महिन्यांपूर्वी मला झटका आला. बरी झाल्यावर भाचीला पत्र लिहिले. घराचे काय करायचे एवढेच विचारले होते. बाकी लिहायला हात धजला नाही. उत्तर आले नाही. मागच्या रविवारी दार वाजले. ती उभी होती. केस पांढरे झालेत. क्षणभर मला वाटले, गुंगीच आहे.

तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारले, "कशी होती ती?"

मी जेवायला वाढले. मग सगळे सांगितले, खाटेपासून पांढऱ्या खोलीपर्यंत. आकाश चालतंय हे तिने मला दोनदा सांगायला लावले. सांगता सांगता ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आले आणि दाराबाहेर गेले. ती रडली नाही. म्हणाली, "ती जागा नीट दाखव."

आम्ही गेलो. व्हरांड्याला आता काच लावली आहे, गुबगुबीत खुर्च्या मांडल्या आहेत. वरच्या मजल्याच्या पाहुण्यांना तिथे बसवतात. मी खांब दाखवला. ती त्याच्याजवळच्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. पहारेकरी आला. "बाई, पास आहे का?"

तिने डोळे न उघडता सांगितले, "माझा जन्म इथं झालाय."

त्याला वाटले असणार, कोणी मोठ्या घरची आहे. त्याने शेजारची खुर्ची पुसून मला बसायला दिली. आम्ही दोघी बसलो, पुष्कळ वेळ.

घरी परतलो तर मधल्या खोलीत परवाच उतरून आलेली मुलगी बसली होती. विशीची असेल, पहिलटकरीण. भाचीने तिला विचारले, "कितवा?"

"नववा सरत आलाय."

"नाव घातलंय?"

विचारले आणि ती स्वतःच थबकली. मुलगी खाली बघून म्हणाली, "नाही."

"उद्या मी येते बरोबर," भाची म्हणाली. "खिडकीत काय बोलायचं ते मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी तिने तिचे नाव घातले आणि आपली रजा वाढवून घेतली. घराबद्दल तिने होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, अट घाला. घर विकायचं नाही, बायकांना कायम ठेवायचं, असं लिहा. नाहीतर उद्या ती काय करील याचा भरवसा काय?"

मी दोन दिवस विचार केला. मग ठरवले ते असे. धुलाईखान्यामागचे घर, जमीन आणि गच्चीसह, माझ्या पश्चात माझ्या भाचीला द्यावे: पूर्ण मालकीने, कायमचे आणि बिनशर्त. ती ते ठेवो, विको, पाडो. तिच्या आईला अट पुरी करता आली नाही म्हणून ती गेली, आणि मला न विचारता माझ्या देहाचे ठरवले गेले. भाचीला मी जे देईन त्यावर कसलेही कार्ड नसेल. तिला विचारायचे, आणि ती म्हणेल ते ऐकायचे. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम वकीलबाईंनी पाहावे.

कलम ७. शेवटचे

शुक्रवारी दुपारी त्या मुलीला कळा सुरू झाल्या. रविवारच्या त्या फेरीनंतर मला आता पायऱ्या उतरवत नाहीत. भाचीने एका हातात तिची पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने तिला धरले आणि दोघी भिंतीच्या कडेकडेने हळूहळू गेल्या. मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ निरोप नव्हता. शनिवारी इस्त्रीवाला सांगत आला की रक्त लागले, भाचीचे जुळले, तिने दिले. रविवारी सांगत आला की सुटका झाली, बाळबाळंतीण धडधाकट आहेत. मुलगा की मुलगी, हे विचारायला तो विसरला. अशा माणसाला मी साक्षीदार केले आहे.

आज सोमवार. साक्षीदार आले आहेत, चहा झाला आहे. वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. कुठे जास्त बोलले असेन तर ते तसेच राहू द्यावे.

स्थळ: राहते घर, मधली खोली.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा.

लिहून ठेवणारीची सही: (सही)

साक्षीदार पहिला: रुग्णालयाचा इस्त्रीवाला. "आमच्यासमोर सही केली. हातात पेन, डोळे दाराकडे." (सही)

साक्षीदार दुसरी: शेजारची शिंपीण. "मी समक्ष पाहिले." (सही)

खुलासा: माझ्या सहीतले शेवटचे अक्षर ओळीबाहेर गेले आहे. ते आजारामुळे गेलेले नाही, असे वकीलबाईंच्या सांगण्यावरून नोंदवते. त्याच वेळी दार उघडले आणि त्या दोघी, नव्हे तिघी, आत आल्या.